इतर म्हणजे कोण?

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर 'इतर' हा शब्द लिहायची कोणाची टाप नाही. लिहिलाच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दूध घ्यायला खाली उतरेपर्यंत त्या शब्दाखाली लाल पेन्सिलीची रेघ आलेली असते आणि शेजारी मोत्यासारख्या अक्षरात प्रश्न असतो : 'इतर म्हणजे कोण?'

गेल्या गणपतीत सेक्रेटरींनी नोटीस लावली होती. 'आरतीला चेअरमन, खजिनदार व इतर सभासद उपस्थित होते.' साधी गोष्ट. नाशकात रोज अशा छप्पन नोटिसा लागत असतील. पण आमच्याकडे ती तीनदा बदलावी लागली. शेवटी सेक्रेटरींनी चिडून एकोणीस जणांची नावं लिहिली, त्यात एक दोन वर्षांचं पोरही आलं. तरी सकाळी रेघ हजर. 'वॉचमन प्रसाद वाटत होता. तो कुठाय?'

ही लाल पेन्सिल आहेर काकांची.

रघुनाथ आहेर. वय अडुसष्ट. मूळचे सटाण्याकडचे, जमीन मोजणी खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त. राहतात आमच्या बरोबर डोक्यावर, म्हणजे चौथ्या मजल्यावर, एकटेच. मुलगी लग्न होऊन बडोद्याला आणि काकू आम्ही इथं राहायला यायच्या आधीच गेलेल्या. काकांनी जन्मभर लोकांच्या बांधावर उभं राहून 'तुमची हद्द इथं संपली' असं सांगितलं. भावाभावांच्या भांडणात दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. त्यामुळे त्यांना शिव्यांचं काही वाटत नाही, पण 'साधारण', 'जवळपास' आणि 'असेल बहुधा' हे शब्द ऐकले की त्यांचं डोकं फिरतं. माझ्या बायकोनं, वंदनानं, एकदा त्यांना "काका, पाच मिनिटांत चहा देते" म्हटलं. काकांनी घड्याळ पाहिलं. चहा आल्यावर घेतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "चांगला झालाय. आठ मिनिटं."

त्यांचा दुसरा आवडता शब्द म्हणजे 'आधार'. तुम्ही काहीही सांगा, काका चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "आधार?" आज गरम होतंय. आधार? भाव वाढले. आधार? एकदा कुरिअरवाला खाली कुरकुरत होता, "चौथ्या मजल्यावर कधी कोणी नसतंच." काका मागेच उभे. म्हणाले, "आधार?" त्या बिचाऱ्यानं मुकाट्यानं पाकीट काढून आपलं कार्ड दाखवलं.

माणूस रुक्ष आहे असं मात्र समजू नका. मखमलाबादला एका लग्नाला मी त्यांना गाडीवर मागे बसवून घेऊन गेलो होतो. मांडवाच्या दारात उतरले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पत्रिका वाचली नाय का प्रमोदराव? 'कृपया आहेर आणू नये' असं स्पष्ट छापलंय. आणि तुम्ही अख्खा आणला." हा त्यांचा वर्षातला एकमेव विनोद, आणि त्यालाही छापील आधार होता. रागावले की मात्र काकांची नाशिकची मराठी संपते आणि थेट अहिराणी सुरू होते. "हाई काय शे?" (म्हणजे 'हे काय आहे?') असं वरून ऐकू आलं की समजायचं, आज कोणाच्या तरी बिलावर 'वगैरे' लिहिलेलं सापडलंय.

आता थोडं माझ्याविषयी. फार सांगण्यासारखं नाही, पण मला सांगायला आवडतं. मी सातपूरच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. म्हणजे इतरांनी बनवलेला माल इतरांकडे पोहोचवतो. (हे वाक्य काकांना दाखवू नका.) पण आतून मी गायक आहे. अकरावीत असताना कॉलेजच्या गॅदरिंगला मी 'सिग्नल पिवळा' हे गाणं गायलो होतो. पहिल्या कडव्याला टाळ्या पडल्या. दुसऱ्या कडव्यात माझा आवाज फुटला, तो आजतागायत जुळून आलेला नाही.

'सिग्नल पिवळा' तुम्ही ऐकलं नसेल तर तुमचं काही बिघडलं नाही. कॅसेटच्या जमान्यात पंचवटीतल्या चार पोरांनी काढलेलं पॉप गाणं. नायक स्कूटरवर, नायिका मागच्या सीटवर, सिग्नल पिवळा झालेला आणि नायक विचारतोय, 'सांग सखे मी थांबू की जाऊ?' मग मागून बायकांचा कोरस 'थांब थांब, थांब थांब' करतो. मग सगळी वाद्यं गप्प होतात, त्या शांततेत एकच बाई नुसतं बोलून म्हणते, "थांब ना..." आणि पुढं काहीतरी म्हणून खुदकन हसते. त्या हसण्यासाठी आम्ही पोरं कॅसेट मागे करकरून ऐकायचो. गाणाऱ्या पोरांपेक्षा ती हसणारी बाई आमच्या जास्त लक्षात राहिली.

इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे. त्यात कोणीही लेख लिहू शकतो. 'कोणीही' हे वाचलं आणि मला वाटलं, हे आपल्यालाच उद्देशून आहे. मी 'स्वरसम्राट' नावानं खातं उघडलं. वंदनानं मागून स्क्रीन वाचली आणि म्हणाली, "सम्राट, आधी दळण आणा."

तीन आठवडे खपून मी 'सिग्नल पिवळा'वर लेख लिहिला. त्यात माहिती चार ओळींची होती, बाकी सगळा मीच होतो. पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'सिग्नल पिवळा हे मराठी पॉप संगीतातील एक अजरामर, अवीट व युगप्रवर्तक गाणे असून ते महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचले.'

तिथली पद्धत अशी की लेख झाला की तो परीक्षणाला टाकता येतो. मग कोणीतरी अनुभवी संपादक येतो, ओळ न् ओळ तपासतो, शेरे मारतो. आपण सुधारायचं. त्याचं समाधान झालं की लेखाच्या डोक्यावर एक चिमुकली चांदणी येते आणि खाली लिहून येतं, 'उत्तम लेख'. चांदणी नखाएवढी असते, पण मला ती हवी होती. आयुष्यात माझ्या कुठल्याच गोष्टीवर चांदणी आलेली नव्हती. आणि माझा स्वभाव असा उतावळा की लेख परीक्षणाला टाकला त्याच दिवशी मी कंपनीच्या कँटीनमध्ये पेढे वाटून मोकळा झालो.

परीक्षक आला. त्याचं तिथलं नाव होतं 'हद्दखूण'. खरं तर इथंच मला कळायला हवं होतं. पण सम्राटांचं लक्ष चांदणीवर.

हद्दखुणेनं बेचाळीस शेरे मारले. अजरामर : गाणं तीस-बत्तीस वर्षांचं आहे, अजून मरायची वेळ आलेली नाही, शब्द काढावा. अवीट : कोणाला? युगप्रवर्तक : कोणतं युग संपलं आणि कोणतं लागलं? घराघरात पोहोचले : किती घरं, कोणी मोजली? मी लेखात हळूच एक वाक्य सरकवलं होतं, 'एका होतकरू विद्यार्थ्याने गॅदरिंगमध्ये हे गाणे गाऊन सभागृह डोक्यावर घेतले.' त्याच्यापुढे शेरा होता : 'हा विद्यार्थी कोण? प्रस्तुत लेखकाशी त्याचा काही संबंध? डोक्यावर घेतले की डोके उठवले, याचाही आधार द्यावा.'

हा शेरा वाचून वंदना इतकी हसली की तिला ठसका लागला. "अहो, हा तर तुम्हाला ओळखतोय!" असं म्हणालीसुद्धा ती. मी म्हटलं, "कलेचे शत्रू सगळीकडे सारखेच असतात."

रोज सकाळी मी आणि आहेर काका मैदानाला चार फेऱ्या मारतो. त्या दिवसांत मी फेऱ्याभर फक्त हद्दखुणेला शिव्या घालत होतो. काका हात मागे बांधून ऐकायचे.

"काय विचारतोय माहितीय? म्हणे, घरं कोणी मोजली!"

"मग? मोजली होती का?"

"काका, तुम्ही त्याच्या बाजूनं बोलू नका."

"मी मापाच्या बाजूनं बोलतोय," काका म्हणायचे.

एक दिवस मी फारच तापलो होतो. म्हटलं, "मला तर वाटतं, कोणीतरी रिटायर्ड म्हातारा असणार. घरात ऐकून घेणारं माणूस नसेल, म्हणून जगाच्या चुका काढत बसतो."

काका दोन पावलं पुढं गेले. मग म्हणाले, "असेल."

'असेल'! आधार न मागता! एवढी मोठी खूण समोर येऊन पडली, तरी मी आपला पुढच्या फेरीचा दम खात होतो.

शेरे मी एकेक करून वाचत, सुधारत चाललो होतो. मग आला एकतिसावा शेरा. कॅसेटच्या कव्हरवर छापलं होतं तसंच मी लेखात उतरवलं होतं : 'कोरस : माधुरी, शैला आणि इतर.' त्याच्यापुढे तीनच शब्द होते.

'इतर म्हणजे कोण?'

मी खुर्चीतून उठून छताकडे पाहिलं. वरती, बरोबर माझ्या डोक्यावर, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बेचाळीस शेऱ्यांचा तो शत्रू माझ्यापासून दहा फुटांवर बसला होता आणि मधे फक्त स्लॅब होता.

आधी मला हसू आलं. मग मैदानावरचं माझं बोलणं आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ही लाज चांगली अर्धा तास टिकली. मग मी पुढचा शेरा वाचला.

लेखात मी लिहिलं होतं की शेवटी ती बाई 'थांब ना हो' असं म्हणते. दोन वेबसाइटींवर गाण्याचे शब्द दिलेत, तिथंही तसंच आहे. हद्दखुणेचा शेरा होता : 'चूक. ती "थांब ना भो" असं म्हणते. दुरुस्त करावे.'

बस्स. पुढे काही नाही. ना पुस्तक, ना पान, ना वर्तमानपत्र. आधार नाही! जो माणूस चहाची मिनिटं मोजतो, त्यानं स्वतः वाऱ्यावर विधान केलं होतं. आता माझी लाज पार गेली. असा चेंडू आयुष्यात एकदाच येतो.

मी चर्चेच्या पानावर, सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं : 'आधार?'

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी थांबणाऱ्यातला नाही. मी पुढे लिहिलं, 'भो म्हणजे भाऊ. बागलाण-खानदेशात माणसं बोलताना येता-जाता लावतात. पण प्रेमगीतातली नायिका नायकाला भाऊ म्हणेल का? मग ते प्रेमगीत राहील की राखीपौर्णिमेचे गाणे? परीक्षकांना घरबसल्या जे ऐकू येते तो पुरावा नव्हे. इतरांना नियम शिकवणाऱ्यांनी आधी स्वतः पाळावेत.' तासाभरात तिथल्या दोन संपादकांनी खाली लिहिलं, 'सहमत.' एकानं तर हसरा चेहराही टाकला. मी तो वंदनाला दाखवला. ती म्हणाली, "जिंकलात. आता तरी दळण आणा."

हद्दखूण काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काका फिरायला आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "गुडघा." मला गुडघ्याचा आधार विचारायचं सुचलं होतं, पण विचारलं नाही, तेवढी अक्कल होती.

तिसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली : 'टाकी साफ करण्यासाठी मिस्त्री व इतर कामगार येणार आहेत.' चौथा दिवस गेला, पाचवा गेला. रेघ नाही! सोसायटीत चलबिचल सुरू झाली. ज्या सेक्रेटरींनी काकांच्या नावानं बोटं मोडली होती, तेच मला जिन्यात गाठून हळू आवाजात म्हणाले, "काका बरे आहेत ना हो? मी मुद्दाम 'इतर' लिहिलंय. काहीच नाही."

 वंदनानं वाटीभर शेंगदाण्याची चटणी दिली, ती हातात धरून मी वर गेलो.

दार उघडंच होतं. टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर ढब्बू अक्षरांत माझंच चर्चेचं पान आणि शेजारी एक जुना टेपरेकॉर्डर. काका खुर्चीत बसलेले. मला बघून म्हणाले, "या, स्वरसम्राट."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. गॅदरिंगला सभागृह डोक्यावर घेतलं, हे तुम्ही मला सात वेळा सांगितलंय. मोजलंय मी."

मी चटणीची वाटी टेबलावर ठेवली. म्हटलं, "काका, त्या दिवशी मैदानावर मी जे बोललो ना, घरात ऐकून घेणारं कोणी नसेल..."

"ते बरोबर होतं," काका म्हणाले आणि रिकाम्या घराकडे हात करून दाखवला. "त्याला आधार हाय."

मला मान वर करता येईना. काकांनी चष्मा पुसला आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. कॅसेट आधीच बरोबर त्या जागेवर आणून ठेवलेली होती. 'थांब थांब, थांब थांब' झालं, वाद्यं गप्प झाली आणि त्या शांततेत ती बाई बोलली. तीस वर्षं मी तो आवाज घासलेल्या कॅसेटवर, मोबाइलवर, रिक्षात, लग्नाच्या बँडमागे ऐकत होतो. इतका स्वच्छ कधी ऐकलाच नव्हता.

"थांब ना भो!"

आणि ते खुदकन हसणं.

काकांनी टेप बंद केला. म्हणाले, "ही सिंधू."

मला एक क्षण कळलंच नाही. मग भिंतीवरच्या फोटोकडे माझं लक्ष गेलं. हार नव्हता, नुसता फोटो. गोल चेहरा, मोठं कुंकू, हसू आवरून बसलेल्या बाई.

"भजनी मंडळात गायची," काका सांगू लागले. "शैला तिथलीच मैत्रीण. तिनं नेलं. कॉलेज रोडला एका बंगल्यात रेकॉर्डिंग. तीन बाया पाहिजे होत्या. कागदावर शब्द होते, 'थांब ना रे'. घरात आठ दिवस घोकत होती. भाजी निवडताना रे, कपडे वाळत घालताना रे. आणि ऐन वेळी तिच्या तोंडून माहेरचा शब्द निघून गेला. भो! सगळे हसले. तीपण हसली. ते हसणं गाण्यातलं नाय प्रमोदराव, तिची फजिती झाली म्हणून ती हसलीय. त्या पोरांना आवडलं. म्हणाले, राहू द्या असंच."

"तुम्ही होतात तिथं?"

"बाहेर होतो. स्कूटरवर. दोन तास चाळीस मिनिटं."

"आत नाही गेलात?"

"रागावलो होतो." काकांनी फोटोकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. "मोजणीदाराची बायको पॉप गाण्यात गाते. हापिसात काय सांगू? सटाण्याला आई काय म्हणेल? तेच डोक्यात. मग ती बाहेर आली. घाम आलेला, खूश झालेली. म्हणाली, अहो, कॅसेटवर छापायला नावं विचारताहेत, देऊ का माझं?"

काकांनी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"मी म्हणालो, काही गरज नाय. इतरमध्ये टाका म्हणावं."

खाली टाकी साफ करणारे आले होते, त्यांच्या बादल्यांचा आवाज येत होता.  

"भांडली नाही कधी," काका म्हणाले. "एक शब्द बोलली नाय. पण परत गायलीही नाय, भजनातसुद्धा नाय. कुठं गाणं लागलं, रिक्षात, लग्नात, की तो शब्द येईपर्यंत थांबायची. शब्द आला की माझ्याकडं बघून हसायची. वीस-बावीस वर्षं अशी हसली ती, आणि मला एकदाही 'चुकलं माझं' म्हणता आलं नाय."

"मी आत्ता नाव टाकतो," मी उठलोच. "कोरस : माधुरी, शैला, सिंधू आहेर..."

"आधार?"

"तुम्ही आहात की!"

"मी बाहेर होतो. डोळ्यांनी पाहिलं नाय. आणि मी नवरा. आपल्याच माणसाविषयी आपण लिहायचं नाय, नियम हाय. शैला गेली. माधुरीचा पत्ता नाय, चार वर्षं शोधतोय." मग जरा कसनुसे हसले. "मी त्या ज्ञानकोशात कशाला शिरलो असं वाटतं तुम्हाला? तिचं नाव टाकायलाच. नाशिकच्या गायकांची यादी होती तिथं, त्यात टाकलं होतं. दोन मिनिटांत कोणीतरी काढून टाकलं. शेरा मारला, 'आधार?' बरोबरच होतं त्याचं. मीही तेच केलं असतं. छापील पाहिजे, आणि तिऱ्हाईतानं लिहिलेलं पाहिजे."

"मग तो 'आणि इतर' शब्द तरी काढतो," मी म्हटलं. "तुमचाच शेरा आहे एकतिसावा."

काकांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत ते मला कधी शिवले नव्हते. आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि मी पहिल्यांदाच त्यांना न रागावता अहिराणी बोलताना ऐकलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ती शे त्यामा."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? अडुसष्ट वर्षांचा माणूस कोरडा बसला होता आणि मी, स्वरसम्राट, शेंगदाण्याच्या चटणीच्या वाटीसमोर हुंदके देत होतो. काकांनी शेवटी मला पाणी आणून दिलं.

घरी येऊन मी चर्चेच्या पानावर लिहिलं : 'मूळ कॅसेट, बाजू अ, दुसरे गाणे, शेवटचे अर्धे मिनिट. "भो" स्पष्ट ऐकू येते. परीक्षक बरोबर आहेत. लेखकाच्या कानात मळ होता. राखीपौर्णिमेविषयीचे विधान मागे घेतो आणि परीक्षकांची माफी मागतो.' ज्यांनी 'सहमत' म्हटलं होतं, त्यांनी पुन्हा 'सहमत' म्हटलं. अजरामर गेलं, अवीट गेलं, होतकरू विद्यार्थी तर मी स्वतःच्या हातानं काढला. माहिती चार ओळींची होती, लेखही चार ओळींचा झाला. आणि आठवड्यानं त्याच्यावर चांदणी आली. लेखात शेवटी अजून लिहिलेलं आहे, 'कोरस : माधुरी, शैला आणि इतर.' हद्दखुणेनं तपासलेल्या लेखांत 'इतर' हा शब्द फक्त तिथंच सापडेल. त्याच सकाळी टाकीच्या नोटिशीवर, टाकी धुऊन आठवडा झाला होता तरी, लाल रेघ आली. सेक्रेटरींनी मला फोन करून ही बातमी दिली. त्यांचा आवाज भरून आला होता.

पण चांदणी आल्यावर मला वाटलं होतं तसं काही वाटेना. कँटीनमध्ये कोणी विचारलं, तर मी विषय बदलायचो. रोज ते वाक्य दिसायचं आणि त्याखाली रेघ ओढावीशी वाटायची. मग एक दिवस फेऱ्या मारताना डोक्यात आलं, छापील पाहिजे ना? तिऱ्हाईतानं लिहिलेलं पाहिजे ना? मी आहेरांच्या नात्यातला नाही, गोत्यातला नाही. मी खालच्या मजल्यावरचा. माझ्याइतका तिऱ्हाईत अजून कुठं मिळणार? म्हणून हा लेख लिहिला. गाता येत नाही, निदान छापून तरी आणू.

छापायला देण्याआधी तो काकांना वाचायला दिला. तीन दिवसांनी कागद परत आले. चौतीस शेरे होते. 'छप्पन नोटिसा' : मोजल्या? 'मोत्यासारख्या अक्षरात' : काढावे. 'टाप नाही' : सेक्रेटरींची आहे, ते हल्ली मुद्दाम लिहितात. 'हुंदके देत होतो' : दोनच. मी यातलं काही बदललेलं नाही. शेवटी लेखकालाही थोडी हद्द असते.

फक्त एक शेरा जसाच्या तसा घेतला आहे. शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं, 'सिग्नल पिवळा या गाण्याच्या कोरसमधल्या "इतर" म्हणजे आहेर काकांच्या पत्नी सिंधूताई.' काकांनी त्यातलं 'आहेर काकांच्या पत्नी' एवढं लाल पेन्सिलीनं खोडलं होतं. वर बारीक अक्षरात दुसरा शब्द लिहिला होता. एकदा लिहून पुसलेला दिसत होता आणि पुन्हा त्याच जागी लिहिलेला.

'गायिका.'

त्याच्यापुढे आधार मागितलेला नाही.